खर्डीमार्गे अमेरिका

आपल्या मध्यमवर्गीय घरांत अमेरिका दोन वाटांनी शिरते. पहिली वाट विमानतळावरून. कोणाचा भाचा, कोणाचा जावई तिकडून येतो आणि बॅगेतून बदाम, चॉकलेटे, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवाचे फोटो बाहेर निघतात. दुसरी वाट मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकांतून. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, ऑक्टोबरात कोरलेला भोपळा, नोव्हेंबरात भाजलेला टर्की पक्षी आणि मधोमध स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. मुले हे सारे धडाधड पाठ करतात, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवतात आणि आईबापांचा जीव भांड्यात पडतो. मुलगा इंग्रजी शिकला, अमेरिकाही शिकला!

पण खरेच शिकला का? हा प्रश्न मला गेली काही वर्षे दर रविवारी पडतो. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी रविवारी कसारा लोकलने खर्डीला जातो आणि पाचवी ते आठवीच्या दहाबारा मुलांना इंग्रजी शिकवतो. खर्डी हे शहापूर तालुक्यातले, आटगाव आणि कसारा यांच्या मधले स्टेशन. मुंबई-आग्रा रस्ता जवळून जातो, आणि मुंबईला पाणी पाजणारे तानसा व मोडकसागर हे जलाशय याच मुलखात आहेत. माझ्या वर्गात कोणी दुकानदाराचा मुलगा आहे, कोणी गँगमनची मुलगी, तर कोणी ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवरून चालत येणारी पोरे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे अक्षरे सर्वांना येतात. अडते ते पुढेच. इंग्रजी वाचून बोलायचे कशाबद्दल?

एका स्नेह्याने या मुलांसाठी परदेशी पुस्तकांचा एक सुंदर संच दिला. पहिल्याच पानावर टर्की. मुलांनी चित्र निरखून पाहिले आणि एकाने विचारले, "गुरुजी, ही लांडोर एवढी जाडी कशानं झाली?" सगळा वर्ग हसला, पण त्या हसण्यातून एक धडा सापडला. हा पक्षी अस्सल अमेरिकेचा. इंग्रजांना तो तुर्कस्तानातून आल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी त्याला 'टर्की' म्हटले. तुर्कांना तो हिंदुस्थानातला वाटला, म्हणून त्यांच्या भाषेत तो 'हिंदी' झाला! १४९२ साली कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला. बिचाऱ्या पक्ष्याच्या वाट्यालाही तोच घोटाळा आला.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. अमेरिका दाखवायची ती खर्डीच्या बाजूने. मुलाच्या पायाखाली जे आहे, ताटात आहे, तोंडात आहे, तेथून धागा उचलायचा आणि तो धरून समुद्रापार जायचे. घरी हा प्रयोग कोणालाही करता येईल, म्हणून दिवाळीच्या सुटीत तो आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात शब्दांपासून करावी. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द आपल्या मराठी मुंगुसापासून गेला आहे, हे सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर जी ऐट येते ती पाहण्यासारखी असते. परकी भाषा आपल्याला देणे लागते हे कळले, की तिची भीती निम्मी होते. मग पुढची गोष्ट सांगावी. १८८३ साली हवाई बेटांवरच्या ऊसमळेवाल्यांनी उंदीर मारण्यासाठी मुंगसे आणून सोडली. उंदीर रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले आणि मुंगसांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली. हीच हवाई बेटे पुढे १९५९ साली अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाली. एका मुंगसाच्या शेपटीला धरून मुले भूगोल शिकली, निसर्गाचा तोल शिकली आणि भूतकाळातली दहा क्रियापदे शिकली.

तसेच स्पेलिंगचे. मुले विचारतात की शाळेच्या पुस्तकात 'कलर' या शब्दात 'यू' आहे, या पुस्तकात नाही, मग चुकले कोण? कोणीच नाही. नोआ वेब्स्टर नावाच्या एका शाळामास्तराने १८२८ साली अमेरिकेचा मोठा शब्दकोश काढला. आपले राज्य वेगळे झाले, मग आपले लिहिणेही वेगळे आणि सुटसुटीत असावे, असा त्याचा आग्रह. राजाचे जू टाकले, त्याबरोबर 'यू'ही टाकला! इंग्रजीचे मालक एकटे इंग्रज नाहीत, हे मुलांना यातून आपोआप उमगते.

जू टाकण्याची गोष्ट सांगायला आम्ही चहाचा पेला घेतो. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या बंदरात वसाहतवाल्यांनी जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. कर आमच्यावर, आणि तो ठरवणाऱ्या सभेत आमचा माणूस नाही, हे चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. तो चहा कोणाचा होता? आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा! बरोबर एक वर्षाने, १७७४ च्या डिसेंबरअखेर, याच कंपनीच्या फौजेने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. खर्डीची मुले दाखल्यासाठी, कामासाठी ज्या जिल्ह्याच्या गावी जातात तेच हे ठाणे. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकनांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्याच वर्षी मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला होता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले, तेव्हा तिकडे वॉशिंग्टनची लढाई चालूच होती. १७८१ साली यॉर्कटाउनला ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचे सैन्य शरण गेले, तोच १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. मी फळ्यावर दोन रकाने आखतो, डावीकडे बॉस्टन, उजवीकडे ठाणे. सनावळ्या एरवी मुलांना कडू लागतात, पण दोन रकाने जुळू लागले की तीच मुले पुढची तारीख मागून घेतात.

आता रेल्वे. खर्डीच्या मुलांचे घड्याळ म्हणजे रेल्वे. आसनगावपासून कसाऱ्यापर्यंतचा हा लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजी सुरू झाला, म्हणजे आमच्या खर्डीवरून गाडी धावू लागली ती तेव्हापासून. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. या दोन घटनांचा संबंध काय? संबंध कापसाचा. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जात असे आणि तो पिकवीत काळे गुलाम. सुमारे चाळीस लाख माणसे तिथे गुरांसारखी विकली आणि विकत घेतली जात होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, गिरण्यांचा कापूस तुटला आणि मँचेस्टरचे डोळे मुंबईकडे वळले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. थळ घाटातून तो खाली उतरू लागला. कसारा ते इगतपुरी हा घाटातला मार्गही १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. आजही गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात, आणि ती पाहायला मुले अजूनही हातातले काम टाकून धावतात.

मुंबईत त्या चार वर्षांत पैशाचा पूर आला. कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आभाळाला टेकले, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनांवर लोकांनी घरेदारे गहाण टाकली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, अमेरिकन कापूस पुन्हा येणार हे उघड झाले, आणि मुंबईचा फुगा फुटला. १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तेजीतला राजा प्रेमचंद रायचंद. त्याने आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आपण येताजाता पाहतो. अमेरिकेतली एक लढाई, खर्डीवरून गेलेली कापसाची गाडी आणि मुंबईतला एक मनोरा. एवढे जोडले की 'कॉटन', 'स्लेव्ह' आणि 'वॉर' हे तीन शब्द पुन्हा घोकावे लागत नाहीत.

आठवीतल्या एका मुलीने मात्र मला थांबवले. "गुरुजी, कापूस महाग झाला ते कळलं. गुलामांचं काय झालं?" मी तेच सांगायला निघालो होतो, पण प्रश्न तिच्याकडून आला हे फार बरे झाले. १ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. ही वार्ता पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने हृदयाशी धरली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपले पुस्तक काढले, त्याचे नावच 'गुलामगिरी'. ते त्यांनी अर्पण केले गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा ही त्यामागची आशा. आपल्याकडे अमेरिकेचा पहिला खरा उपयोग केला तो असा. नुसते कौतुक नव्हे, नुसते अनुकरणही नव्हे. दुसऱ्याच्या आरशात आपले तोंड पाहणे!

आरसा मात्र पुरता पाहावा. कायदा झाला म्हणून अन्याय थांबला नाही, हे मुलांपासून लपवू नये. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. त्या गावच्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पायी गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. एस. टी.साठी तासन्तास उभी राहणारी आणि चुकली तर चालत जाणारी आमची मुले ही गोष्ट अगदी श्वास रोखून ऐकतात. '३८१ दिवस' म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना समजते. मग त्यांना २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे सांगायचे. त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या थोर काळ्या विद्वानास पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. माँटगोमेरीच्या बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले, ते गांधीजींच्या भूमीची यात्रा म्हणून. गांधीजींनी स्वतः वाचला होता तो थोरो अमेरिकन. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून तो १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला होता. विचारांची ही ये-जा पाहिली म्हणजे 'त्यांची' संस्कृती आणि 'आपली' संस्कृती असे कप्पे करणे जरा अवघड होते.

मुलींना मी कल्याणची गोष्ट सांगतो. खर्डीहून लोकलने गेले की कल्याण. तिथल्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जन्मली. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली, चौदाव्या वर्षी आई झाली, आणि ते बाळ दहा दिवसांत गेले. तिचे यजमान गोपाळराव यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. तिथे त्यांनी ते सहज वाचले आणि एका अनोळखी मुलीला लिहायला सुरुवात केली. त्या पत्रांच्या धाग्यावर आनंदीबाई १८८३ साली यजमानांशिवाय जहाजात बसल्या. निघण्याआधी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. मी अमेरिकेला का जाते, हाच विषय. ११ मार्च १८८६ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या.

त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. त्यांनी नंतर तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. तिथली राज्यपद्धती कशी, घरे कशी, शाळा कशा, धर्मादाय संस्था कशा चालतात, बायका सभा कशा भरवतात, हे सारे मराठी माणसाला समजेल अशा भाषेत. आपण आज मुलांपुढे जे ठेवू पाहतो, ते एका बाईने एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. घरात मोठी मुले असतील तर टर्कीच्या चित्राआधी हे पुस्तक हाती द्यावे.

आता जरा अवघड भाग. नकाशावर बोट ठेवून मी मुलांकडून राज्यांची नावे वाचून घेतो. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओहायो, मिसिसिपी. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभसुद्धा जिथे वळत नाही अशी ही नावे आली कुठून? ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतली आहेत. माणसे हुसकली गेली, नावे राहिली. १८३० साली कायदा झाला, आणि १८३८ साली चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढून शेकडो मैल पश्चिमेकडे चालवत नेले. वाटेत थंडीने आणि रोगराईने हजारो मेले. स्वतःच्याच देशात त्या साऱ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली.

पण चेरोकींची एवढीच गोष्ट सांगून थांबू नये. त्यांच्यात सिक्वोया नावाचा एक कारागीर होता. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोऱ्या लोकांचे 'बोलणारे कागद' पाहून त्याने ठरवले की आपली भाषाही कागदावर बोलेल. बरीच वर्षे खपून १८२१ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेची लिपी तयार केली. काही वर्षांतच तिच्यात हजारो माणसे लिहू-वाचू लागली. फेब्रुवारी १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे त्यांचे वृत्तपत्र निघाले, निम्मे इंग्रजीत, निम्मे चेरोकीत. चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. तेही एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी! आणखी एक योगायोग सांगतो. चेरोकी वृत्तपत्रासाठी बॉस्टनमध्ये टाइप पाडवून देण्यात ज्या अमेरिकन मिशनचा हात होता, त्याच मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली होती. त्यांच्या छापखान्यात मराठी टाइप घडले आणि तिथेच काम शिकून जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या आजोबांच्या घरचे निर्णयसागर पंचांग असे बॉस्टनशी दूरचे नाते सांगते.

ही गोष्ट मी पाड्यांवरून येणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो. ती घरी एक बोली बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी ऐकतात आणि आता डोक्यावर इंग्रजी येते. इंग्रजी यायचे म्हणजे घरची बोली टाकायची, असा त्यांचा समज असतो, आणि तो समज मोठी माणसेच करून देतात. सिक्वोया त्यांना सांगतो की पुढे जाण्यासाठी आपली भाषा टाकावी लागत नाही. त्या दिवशी मुलांनी इंग्रजी शब्दाशेजारी घरच्या बोलीतला शब्द लिहून एक वही सुरू केली. त्यात किती शब्द झाले ते मी मोजत नाही, पण वहीला नवे पान जोडावे लागते आहे.

आणि शेवटी पाणी. अमेरिकन शहराचा धडा होता. उंच इमारती, आगगाडी जमिनीखाली, माणसे ऐंशी लाखांवर. सातवीतल्या मुलाला इमारतींचे काही वाटले नाही. त्याने विचारले, "एवढ्या माणसांना पाणी कुठून आणतात?" शहापूर तालुक्यातल्या मुलाला हाच प्रश्न सुचणार!

न्यू यॉर्कचे पाणी शंभर-सव्वाशे मैलांवरच्या डोंगरांतून येते. पकिप्सी गावापासून फार लांब नाहीत असे कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. तिथे १९०७ सालापासून अशोकन नावाचा मोठा जलाशय बांधायला घेतला. नाव आपल्या सम्राट अशोकाशी जुळते, पण ते तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतले. त्यासाठी खेडी उठवली, सुमारे दोन हजार माणसे हलवली, चर्च आणि शाळा पाडल्या, थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. नुकसानभरपाईचे खटले वर्षानुवर्षे चालले. डोंगरातल्या लोकांच्या मनातला शहराविषयीचा राग पिढ्यान्पिढ्या राहिला.

वर्ग अगदी शांत झाला होता. तानसाचे धरण १८९२ चे, मोडकसागर १९५० च्या दशकातले, भातसा त्यानंतरचे. या मुलांच्या घरी या धरणांच्या गोष्टी पुस्तकातून आलेल्या नाहीत. मुंबईचा नळ ज्या तालुक्यातून वाहतो, तिथल्या कित्येक पाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी तर वर्तमानपत्रे दर उन्हाळ्यात छापतात.

"मग त्यांना काय मिळालं?" त्या मुलाने विचारले.

सुदैवाने गोष्ट तिथे संपत नाही. पाणी गाळण्याचा प्रचंड कारखाना उभारायचा तर अब्जावधी डॉलर लागणार, असे शहराला दिसले. त्यापेक्षा डोंगरच स्वच्छ राहिला तर? १९९७ साली शहर आणि डोंगरातली गावे यांनी समोरासमोर बसून करार केला. गावांच्या सांडपाण्याची सोय, शेतकऱ्यांच्या गोठ्यांची दुरुस्ती, गावच्या धंद्यांना कर्जे, यांसाठी शहराने पैसे द्यायचे. जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच. डोंगरातल्या आपल्या जमिनींवर शहर तिथल्या गावांना करही भरते. हे काही दानधर्म म्हणून झाले नाही, शहराचा त्यात स्वार्थ होता. पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याचे देणे लागते, हे कागदावर सहीशिक्क्याने मान्य झाले. बुडालेली खेडी त्याने वर आली नाहीत, हेही मी मुलांना सांगितले.

मला वाटते, अमेरिकेची ओळख करून द्यायची ती एवढ्यासाठी. तिच्या मोठेपणाने दिपून जाण्यासाठी नव्हे, तिची पापे मोजून समाधान मानण्यासाठीही नव्हे. दूरच्या माणसांनी आपल्यासारख्याच अडचणीत काय केले, कुठे चुकले, काय निस्तरले, हे पाहून आपला प्रश्न नीट विचारता यावा म्हणून. आणि इंग्रजी शिकायचे तेही त्यासाठीच. गोपाळरावांनी पत्र लिहिले, आंबेडकरांनी पत्र लिहिले, फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिली. समुद्रापलीकडच्या माणसाला काहीतरी सांगायचे होते, विचारायचे होते, म्हणून भाषा कामी आली.

गेल्या महिन्यात मी वर्गाला पत्रलेखन दिले. विषय त्यांनीच ठरवला. अमेरिकेला नको, आधी मुंबईला लिहू, असे त्यांचे मत पडले. साधीसाधी वाक्ये आहेत. आम्ही खर्डीला राहतो. तुमचे पाणी आमच्या भागातून जाते. मे महिन्यात माझी आई विहिरीवर दोन वेळा जाते. तुमच्या नळाचे पाणी कोणत्या तलावाचे आहे, तुम्हांला माहीत आहे का? तुम्ही तो तलाव पाहिला आहे का? क्रियापदे मी तपासली, मजकुराला हात लावला नाही.

या पत्रांवर कोणाचे नाव घातलेले नाही. ती मुंबईत ज्या घरी नळ आहे त्या प्रत्येक घरासाठी आहेत. नरक चतुर्दशीला पहाटे बंबात पाणी तापत असेल, मुले उटण्याच्या वासाने जागी होत असतील, तेव्हा त्यांना हा एक प्रश्न विचारावा. नकाशा काढून तानसा, वैतरणा, भातसा त्यांच्याकडून शोधून घ्यावे. सुटीत एक दिवस कसारा लोकल पकडून त्यांना इकडे घेऊन यावे. आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी इंग्रजीत चांगली असेल, तर खर्डीच्या पत्राला उत्तर लिहू द्यावे. इंग्रजीतून आले तर आमच्या वर्गाला नवा धडा मिळेल. मराठीतून आले, तरी पोरे ते दोनदा वाचतील.